कार्बोरेटर साफ केला की काही आठवडे गाडी झकास, मग पुन्हा तेच

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, आणि कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांची ही तक्रार ठरलेली आहे. आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी थरथरते आणि बंद पडते, चढावर दम सोडते, वेग वाढवला की आचके देते. कार्बोरेटर उतरवायचा, धुवायचा, हवा मारायची, परत बसवायचा. गाडी नव्यासारखी पळते. काही आठवड्यांनी तोच त्रास. पुन्हा सफाई, पुन्हा नवा फिल्टर. असं दोन-तीनदा झालं की मालक वैतागून कार्बोरेटरच नवा टाकायला निघतो, आणि नवा कार्बोरेटरही त्याच वाटेने जातो.

याचं कारण सोपं आहे. कचरा पेट्रोलसोबत मागून येतो आणि पूर्ण रस्त्यातली सगळ्यात बारीक भोकं कार्बोरेटरमध्ये असल्यामुळे तिथे अडकतो. त्यामुळे वारंवार सफाई लागणाऱ्या गाडीचं काम उलट्या टोकाने सुरू करायला हवं: आधी कचरा कुठून येतोय ते शोधायचं, तो बंद करायचा आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी धुवायचा. बहुतेक ठिकाणी नेमका हाच क्रम पाळला जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. पेट्रोल उणे चाळीस अंश सेल्सियसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, ती वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत जाते. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. काम उघड्यावर करा, इंजिन किंवा सेल्फ चालवायचा नसेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, जवळपास गिझर, शेगडी, ग्राइंडर काहीही चालू नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात द्रव कमी आणि वाफ-हवेचं मिश्रण जास्त असतं.

त्रास खरंच पेट्रोलचा आहे का?

पाना हातात घेण्याआधी हे ठरवा. गाडी आचके देत असतानाच चोक (कार्बोरेटरची हवा कमी करणारी झडप) थोडा ओढून बघा. ओढल्यावर इंजिन सुधारलं, तर मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) पातळ आहे: पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय. काहीच फरक पडला नाही किंवा गाडी आणखी बिघडली, तर प्लग, पॉइंट, कॉइल, टायमिंग या ठिणगीच्या बाजूकडे आधी वळा. गाडीला ऑटोमॅटिक चोक असेल तर एअर फिल्टर काढून आयडलिंगवर कार्बोरेटरचं तोंड पुठ्ठ्याच्या तुकड्याने अर्धवट झाका, तोच अंदाज येतो. हात वापरू नका. बॅकफायर झाला तर भाजेल.

जास्तीची हवा तपासायला स्प्रेच्या बाटलीतलं साधं पाणी पुरतं. कार्बोरेटरच्या पायाचं गॅस्केट, मॅनिफोल्डचे जोड, व्हॅक्यूमच्या नळ्या यांवर बारीक फवारा मारा. एखाद्या जागी इंजिनचा सूर क्षणभर बदलला तर तिथून हवा ओढली जातेय. ही तपासणी न करता जेटच्या (कार्बोरेटरमधल्या, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याच्या) मागे लागलात तर दिवस वाया जातो.

गाडी चालता चालता बंद पडत असेल तर ती कशी बंद पडते याकडे नीट लक्ष द्या, त्यात बरंच काही कळतं. आचका न देता एकदम बंद पडली आणि गार झाल्यावरच चालू झाली, तर कॉइल किंवा इग्निशनचा संशय घ्या. बंद पडल्या पडल्या स्पार्क येतोय का ते तपासा. हळूहळू दम सोडत बंद पडली, थोडा वेळ उभी ठेवल्यावर काहीच झालं नाही अशी चालू झाली आणि काही अंतराने पुन्हा तेच, तर तीन शक्यता असतात.

पहिली, टाकीच्या झाकणाचं किंवा ब्रीदरचं भोक बुजलंय. पेट्रोल जातं तितकी हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप हरतो. बंद पडल्यावर लगेच झाकण उघडा. हवा आत ओढली जाताना ‘स्स्स’ असा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर दुखणं सापडलं.

दुसरी, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीची, म्हणजे पिकअपची जाळी. इंजिन चालू असताना गंजाचे पापुद्रे ओढीने जाळीला येऊन चिकटतात, इंजिन बंद झालं की सुटून खाली बसतात. म्हणून गाडी ‘आपोआप बरी’ होते. वारंवार सफाई लागणाऱ्या गाड्यांमध्ये हे मला सर्वाधिक दिसलेलं दुखणं आहे, आणि कार्बोरेटर उघडून ते कधीच सापडत नाही.

तिसरी, व्हेपर लॉक. कडक ऊन, रखडती वाहतूक, एक्झॉस्टजवळून गेलेली पेट्रोलची नळी; नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढायला द्रव उरत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवून पाच-दहा मिनिटांत गाडी चालू झाली तर हेच. नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या किंवा तिच्यावर उष्णतारोधक बाही चढवा.

फ्लोट चेंबरचा तळ वाचा

आता कार्बोरेटर उघडायचा, पण धुण्यासाठी नाही. झाकण अलगद उचला आणि फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल हलू न देता सिरिंजने तळापासून ओढून घ्या. ते काचेच्या बरणीत सोडा, बरणी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पंधरा मिनिटं तिला हात लावू नका. मग उजेडात आडवं वाकून तळ बघा. उरलेला गाळ पांढऱ्या सुती कापडावर गाळून वाळवा. या चमचाभर गाळात पूर्ण दुखण्याचा पत्ता असतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच सगळ्यात आधी क्लीनरच्या फवाऱ्याने उडवून दिला जातो.

लालसर तपकिरी पूड म्हणजे टाकीतला किंवा लोखंडी पाइपमधला गंज. कापडाखालून लोहचुंबक फिरवा. काळपट गंज आणि पापुद्रे चुंबकामागे सरकतात, निव्वळ लाल गंज जेमतेम हलतो किंवा हलतही नाही. त्यामुळे चुंबकाने ओढलं तर टाकी किंवा पाइप नक्की दोषी. ओढलं नाही म्हणून टाकी निर्दोष ठरत नाही.

काळे, मऊ कण, जे बोटाने चिरडल्यावर बोट काळं करतात, ते रबरी नळीच्या आतल्या थराचे. बाहेरून नळी धडधाकट दिसते आणि आतून सुटत असते. जुन्या नळ्या आणि एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यांची जोडी जमत नाही. पूर्वीचं रबर अशा पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं.

पिवळट तपकिरी चिकटा, ज्याला आंबट उग्र वास येतो, तो शिळ्या पेट्रोलचा. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचं ऑक्सिडीकरण होऊन राळेसारखा थर बसतो. काही महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हा हमखास असतो. हा एकटाच सापडला तर आनंद माना. एकदा नीट सफाई आणि ताजं पेट्रोल, एवढ्यावर भागतं.

पांढरी किंवा करडी, खडूच्या भुकटीसारखी पूड ही कार्बोरेटरच्या अंगाची असते. बॉडी जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, आणि तिच्यात पाणी साचून राहिलं की ती खात जाते. पूड इथली असली तरी पाणी टाकीतूनच आलेलं असतं.

आणि बरणीच्या तळाशी वेगळे घरंगळणारे थेंब किंवा वेगळा थर दिसला तर ते पाणी. खात्री करायची असेल तर खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका: तो पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही. एथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हा प्रकार अधिक त्रासदायक होतो. दहा टक्के एथेनॉलचं पेट्रोल सामान्य तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत साधारण २०० मिलिलिटर. त्यापुढे पाणी गेलं, किंवा काठावर असताना गारठा वाढला, की पाणी आणि एथेनॉल एकत्र तळाशी उतरतात. पिकअप तळालाच असल्यामुळे इंजिनला पहिला घोट त्याचाच मिळतो. अशा टाकीत वरून नवं पेट्रोल ओतून भागत नाही, ती पूर्ण रिकामी करावी लागते.

फार बारीक पातळ पापुद्रे दिसले, जे ना गंज वाटतात ना रबर, तर टाकीला पूर्वी कुणीतरी आतून सीलर (भोकं बुजवणारा लेप) लावलाय आणि तो आता सुटतोय. हे सगळ्यात किचकट प्रकरण. त्याबद्दल पुढे.

बाटलीची चाचणी

कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून लांब नळीने एका पारदर्शक, पेट्रोल सोसणाऱ्या बाटलीत घ्या. कॉइलकडे जाणारी बारीक वायर काढून स्पार्क पूर्ण बंद करा. यात कुचराई नको. मदतनिसाला थोडा वेळ सेल्फ मारायला सांगा. मेकॅनिकल पंप ठीक असेल तर ठोक्याठोक्याने जोमदार धार येते. धार बारीक असेल, मध्येच तुटत असेल किंवा बुडबुडे घेऊन येत असेल, तर टाकीकडची नळी काढून पंपाला शेजारच्या कॅनमधलं स्वच्छ पेट्रोल ओढायला लावा. कॅनमधून धार चांगली आली तर पंप ठीक आणि दोष मागे: टाकी, पिकअप, मधली नळी. कॅनमधूनही धार मरतुकडीच असेल तर पंप उघडा.

पंपाकडे संशय जाताच इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) फाटला असेल तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर इंजिन अजिबात चालू करू नका. डायफ्रॅम आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

टाकी: खरं काम इथे आहे

गाळात गंज सापडला तर टाकी उतरवायचीच. गाडीला असतानाच टाकीत काहीतरी ओतून, हलवून, काढून टाकण्याचे प्रकार मी सुचवणार नाही, कारण तळातला पापुद्रा तसाच राहतो आणि सुटा झालेला गंज पुढे निघतो.

पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये काढा. गेजचा सेंडर (टाकीतली पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) आणि पिकअप नळी काढा. सेंडरची लॉकिंग रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नका; पितळेचा किंवा लाकडाचा ठोकळा वापरा, ठिणगीचा प्रश्न उरत नाही. मग टाकी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने अनेकदा धुवा. यात दोन कामं होतात: वाफ निघून जाते आणि तेलकट चिकटा उतरतो. चिकट्याच्या खाली आम्ल पोचत नाही, त्यामुळे हा टप्पा घाईने उरकलात तर पुढचा फुकट जातो. धुऊन झाल्यावरच टॉर्चचा झोत टाकून आत बघा. तळाचा कोपरा आणि जोडाची शिवण, पाणी साचणाऱ्या या दोन जागा आधी गंजतात.

सुटे पापुद्रे काढायला टाकीत नटबोल्ट टाकून हलवायची पद्धत आहे. त्याऐवजी हातभर लांबीची बारीक साखळी वापरा. टाकीत आडवे पत्रे असतात, त्यांच्यामागे नट अडकून बसतो आणि पुढे वर्षानुवर्षं खडखडत राहतो. साखळी एका टोकाला धरून पूर्ण बाहेर येते. साखळी पत्र्यावर आपटून ठिणगी पडू शकते, म्हणून हे काम टाकी धुतल्यावर आणि आत थोडं पाणी ठेवूनच.

मग सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व. कोमट पाण्यात लिटरला ५० ते १०० ग्रॅम. भोकं बुचाने बंद करून टाकी अगदी काठोकाठ भरा. अर्धी भरून आलटून पालटून फिरवण्याने पाण्याच्या रेषेवर वेगळाच पट्टा गंजतो. बारा तासांनी बघा, गरज असेल तर आणखी तेवढाच वेळ ठेवा. गंज काळपट होऊन सुटतो, खाली करडा स्वच्छ पत्रा दिसतो. वायू सुटत असतो, त्यामुळे वरचं बुच घट्ट बसवू नका.

इथे एक अडचण लक्षात ठेवा. कित्येक जुन्या टाक्यांच्या पत्र्याला आतून शिसं-कथलाचा किंवा जस्ताचा मुलामा असतो. आम्ल गंजासोबत उरलेला मुलामाही खातं. म्हणून टाकी आठवडाभर भिजत ठेवण्यात काही फायदा नाही, आणि ते पाणी गटारात किंवा झाडांना ओतू नका. त्यात शिसं उतरलेलं असू शकतं.

आम्ल काढल्यावर पाण्याने धुवा, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून उरलेलं आम्ल मारा, पुन्हा धुवा. यापुढची काही मिनिटं निर्णायक आहेत. उघडा पडलेला ओला पत्रा डोळ्यांदेखत केशरी होऊ लागतो. शेवटचं पाणी कढत वापरा म्हणजे तापलेला पत्रा स्वतःच लवकर सुकतो, आणि लगेच कॉम्प्रेसरची कोरडी हवा सोडा. पाणी ओढून घ्यायला आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवणार असाल तर त्यानंतर हेअर ड्रायर किंवा हीट गन लावायची नाही, तिची वाफही पेट घेते. टाकी सुकली की पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळून आतून सगळीकडे फिरवा आणि टाकी शक्य तितक्या लवकर बसवून भरा. रिकामी टाकी आठवडाभर कोपऱ्यात ठेवली तर गंज परत येतो.

गंज फारच जाड असेल तर इलेक्ट्रोलिसिस हा पर्याय आहे: धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, टाकी निगेटिव्हला आणि आत पत्र्याला न टेकता लटकवलेली साध्या लोखंडाची सळई पॉझिटिव्हला. सळई स्टेनलेसची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यात हायड्रोजन सुटतो, म्हणून जागा मोकळी हवी आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढायची नाही.

सीलरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: भोक नसेल तर लावू नका. पत्रा पूर्ण स्वच्छ, कोरडा आणि तेलविरहित असेल तरच तो धरतो. जरा कुठे गंज किंवा ओल राहिली की काही वर्षांत पापुद्रा सुटतो, पिकअपवर चादरीसारखा बसतो आणि उरलेला काढायला महाकठीण जातो. आधीच सुटलेला सीलर असलेली टाकी मिळाली तर दुसरी टाकी शोधणं हेच बहुधा कमी कष्टाचं. पत्र्याला भोकं पडली असतील तरी घरी वेल्डिंगचा विचार करू नका. दहादा धुतलेल्या टाकीच्या शिवणीतही पेट्रोल दडलेलं असतं.

मधला रस्ता

टाकी उतरलेली आहे तोवर लोखंडी पाइपमधून इंजिनच्या बाजूने मागे हवा मारा आणि मागच्या टोकाला पांढरं फडकं धरा. गंजाचा भपका आला तर पाइप आम्लाच्या पाण्याने धुवा किंवा बदला. रबरी नळ्या सरसकट नव्या टाका, एकही जुनी ठेवू नका. घेताना नळीवर छापलेलं मानक वाचा: एसएई जे३० आर६ किंवा आर७ कार्बोरेटरच्या कमी दाबाला, आर९ इंजेक्शनच्या दाबालाही चालते आणि एथेनॉलला जास्त चांगली तोंड देते. फरक किमतीचाच आहे, त्यामुळे मी कार्बोरेटरच्या गाडीलाही आर९च सुचवतो. काहीच छापलेलं नसलेली नळी पेट्रोलला लावू नका, ती पाण्याची असू शकते.

पंपाच्या झाकणाखाली बऱ्याचदा छोटी जाळी असते, कार्बोरेटरच्या इनलेटमध्येही असते. या दोन जाळ्या विसरल्या जातात. फिल्टरबाबत एक समज काढून टाका: जास्त बारीक फिल्टर म्हणजे जास्त चांगला, असं नाही. पंपाच्या ओढीच्या बाजूला फार बारीक फिल्टर लावला तर पंपाला ओढायला जड जातं आणि उन्हात व्हेपर लॉकला निमंत्रण मिळतं. टाकीनंतर जरा मोठा पारदर्शक फिल्टर, पंपानंतर बारीक, अशी जोडी ठेवा. पारदर्शक फिल्टर पूर्ण भरलेला दिसत नाही म्हणून घाबरू नका. त्यात थोडी हवा राहतेच.

आता कार्बोरेटर

टाकी, पाइप, नळ्या स्वच्छ झाल्या, आता ही सफाई टिकेल. दुरुस्ती किट आधी मागवा. गॅस्केट हातात नसताना कार्बोरेटर सोडवून ठेवायचा नाही.

ट्रेमध्ये पांढरं कापड अंथरा आणि त्याच्यावरच काम करा. प्रत्येक पायरीला फोटो काढा. बॉडी उलटी करण्याआधी अॅक्सिलरेटर पंपाच्या (रेस देताना जास्तीचं पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या पंपाच्या) वाटेतली स्टीलची बारीक गोळी काढून घ्या. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये ती नुसती ठेवलेली असते आणि उलटं करताच घरंगळून जाते. मग गाडी रेस देताना का अडखळते ते कळत नाही. मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा. जोर लावून टेकवलात तर त्याचं निमुळतं टोक चेपतं आणि आयडलिंग पुन्हा कधी नीट बसत नाही.

जेट काढायला त्याच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या. पितळ मऊ असतं, खाच एकदा सोलली की काम दुप्पट. आणि जेटमध्ये तार घालू नका. सोलेक्स किंवा वेबर बनावटीच्या कार्बोरेटरमधल्या जेटवरचा आकडा मिलिमीटरचा शंभरावा भाग सांगतो: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर, ४५ म्हणजे ०.४५. आता हिशेब करा. ४५च्या आयडल जेटचं भोक तारेने घासून फक्त ०.०५ मिलिमीटरने वाढलं तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढतं. जेट साफ दिसतो, आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. १२०च्या जेटला तेवढाच ओरखडा जेमतेम साडेआठ टक्के फरक करतो. म्हणजे ज्या बारीक जेटमध्ये तार घालायचा मोह सगळ्यात जास्त होतो, तिथेच नुकसान सगळ्यात मोठं. चिकटा हटत नसेल तर जेट रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, मग हवा मारा. अगदीच अडलं तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस पुरतो. जेट उजेडाकडे धरून बघा: भोक गोल आणि कडा स्वच्छ दिसायला हवी, एका बाजूला सावली दिसली तर अजून थर आहे.

रबर, प्लॅस्टिक, डायफ्रॅम, आयडल सोलेनॉइड (आयडलिंगचं पेट्रोल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) हे सगळं काढल्याशिवाय बॉडीवर क्लीनर मारायचा नाही. अल्ट्रासॉनिक टाकी मिळाली तर उत्तम. कार्बोरेटरसाठीचं सौम्य द्रावण, ५० ते ६० अंश तापमान. घरगुती व्हिनेगर किंवा कास्टिकसारख्या तीव्र गोष्टी टाळा, त्या जस्त-अॅल्युमिनियमची बॉडी काळी करतात आणि खातात. टाकीला चाललेलं आम्ल इथे चालत नाही.

आतल्या वाटा मोजून साफ करायच्या असतात. प्रत्येक भोकात क्लीनरची नळी लावून फवारा मारा आणि तो दुसरीकडे कुठून बाहेर येतो ते बघा. येत नसेल तर ती वाट बंद आहे, बाहेरून बॉडी कितीही चमकत असो. थ्रॉटलच्या (अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) पात्याजवळची आयडलची सूक्ष्म भोकं हमखास राहून जातात, आणि ‘वेगात ठीक, आयडलिंगला बंद’ ही तक्रार तिथेच उगम पावते. गॉगल घाला; फवारा उलटून नेमका डोळ्यात येतो.

आयडल सोलेनॉइड असेल तर त्याला १२ व्होल्ट देऊन बघा, ‘टक्’ असा आवाज आणि सुईची हालचाल हवी. हे काम पेट्रोलपासून लांब करा. सोलेनॉइड मेलेला असेल तर जेट कितीही साफ केला तरी आयडलिंग येणार नाही.

पितळेचा फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो गळतोय. शंका असेल तर कढत पाण्यात बुडवा, बारीक भोकातून बुडबुड्यांची माळ निघते. गळका फ्लोट बदला, आत पेट्रोल असताना त्याला डाग द्यायला जाऊ नका. नीडल व्हॉल्व्हच्या (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या) टोकाला गोल खाच पडलेली दिसली तर सुई आणि सीट जोडीने नवी. फ्लोटची उंची तुमच्या कार्बोरेटरच्या मॅन्युअलप्रमाणे, व्हर्नियरने मोजून. ‘दुसऱ्या गाडीत अशीच होती’ हे इथे चालत नाही. एक-दोन मिलिमीटरने मिक्श्चर सगळ्या वेगांना बिघडतं.

झाकणाची कड काचेवर ठेवून डुगडुगते का बघा. किंचित वाकडी असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने समपातळी आणता येते. थ्रॉटलचा दांडा बॉडीत जास्त हलत असेल तर मात्र बुशिंगचं काम आहे, ते मशीन शॉपचं.

बसवल्यावर इंजिन बंद असतानाच, फ्लोट चेंबर भरलेलं असताना, थ्रॉटल हाताने एकदा झटक्यात उघडा आणि घशात डोकावा. अॅक्सिलरेटर पंपाच्या नोजलमधून लगेच, सरळ, अखंड धार पडली पाहिजे. उशिरा किंवा थेंबथेंब आली तर ती गोळी, डायफ्रॅम किंवा नोजल पुन्हा बघा. मग इंजिन चालू करून पाच मिनिटं प्रत्येक जोडावर गळती शोधा, त्याआधी गाडी हलवू नका.

ट्यूनिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, टायमिंग आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स बरोबर असताना. मिक्श्चर स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर ठेवून सुरुवात करा, इंजिन सर्वाधिक वेगाने आणि सर्वात गुळगुळीत चालेल त्या जागी आणा, मग आयडलचा स्क्रू फिरवून वेग मॅन्युअलच्या आकड्यावर घ्या. बऱ्याच जुन्या चार सिलिंडर गाड्यांत तो मिनिटाला ८०० ते ९०० फेरे असतो. दोन्ही स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात, त्यामुळे आलटून पालटून दोनदा-तीनदा फिरवावे लागतात.

पुढचे दोन-तीनशे किलोमीटर हे तपासणीचे. तेवढ्यानंतर पहिला फिल्टर उघड्या बरणीत झटकून बघा. थोडी लाल धूळ येईल. टाकी धुतल्यावर राहिलेली असते, फिल्टर बदलून टाका. दुसऱ्या तेवढ्याच अंतरानंतरच्या फिल्टरमध्ये ती घटलेली दिसली तर काम जमलं. तितकीच किंवा जास्त असेल तर फिल्टर बदलत बसू नका. सेंडरच्या भोकातून टाकीचा तळ पुन्हा बघा, बहुतेक वेळा शिवणीचा एखादा कोपरा आम्लापासून सुटलेला असतो.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून, इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून ठेवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. फ्लोट चेंबरला ड्रेन स्क्रू असेल तर शेवटी तेवढं पेट्रोल काढून टाका, आणि पुन्हा चालू करण्याआधी पहिलं पेट्रोल बरणीत घेऊन पाणी आहे का ते बघा.